तलंगेचा मोडका पाय आणि चार धडधाकट हात

फार फार पूर्वीची गोष्ट. इतक्या पूर्वीची, की तेव्हा कोंबड्या बोलायच्या आणि माणसं अधूनमधून ऐकायचीसुद्धा.

एका गावाच्या टोकाला एक म्हातारा आणि एक म्हातारी राहत. मूलबाळ नाही, दुभतं जनावर नाही. होती ती एक तलंग, म्हणजे अजून पहिलं अंडंही न घातलेली कोवळी कोंबडी. बाकीच्या सगळ्या मुंगसाने नेल्या. हीच तेवढी चपळ निघाली. मुंगूस दिसलं की भुर्रकन छपरावर.

एके दिवशी सरपणाची मोळी घसरली आणि तलंगेचा पाय मोडला.

म्हातारीने हंबरडा फोडला. म्हातारा धावत जाऊन हाडवैद्याला घेऊन आला. हा वैद्य बैलांची आणि पैलवानांची हाडं बसवायचा. कोंबडीचं म्हटल्यावर हसू आलं, पण म्हातारीचं तोंड बघून त्याने ते गिळलं. बांबूच्या बारीक कामट्या तासल्या, हळदीचा लेप लावला, पाय सरळ बांधला आणि गाठ मारली.

"कोवळं हाड आहे, पंधरा दिवसांत जुळेल," तो म्हणाला. "पण गाठ सोडायची नाही. हाड हललं तर वाकडं जुळेल. पुन्हा पुन्हा हललं तर जुळणारच नाही. मग मुंगसाचं जेवण म्हणून समजा. कळलं?"

"कळलं," दोघं म्हणाली.

आता कळलं म्हणणाऱ्याला किती कळतं, ते मी काय सांगू? तुम्हीसुद्धा आत्ताच मान डोलावलीत.

दुसऱ्या दिवशी म्हातारी पाण्याला गेली. म्हाताऱ्याने तलंगेवर झाकलेलं डालगं उचललं. "बघू तरी, जुळलं का," म्हणत गाठ सोडली, हाड चाचपलं, पुन्हा बांधलं. दुपारी म्हाताऱ्याचा डोळा लागला. म्हातारी डालग्याशी बसली. "घट्ट तर नाही ना गं झालं, बाई?" तिनेही सोडलं, फुंकर घातली, बांधलं.

"अहो, जुळू तरी द्या!" तलंग किंचाळली.

"बघा, किती दुखतंय बिचारीला," असं म्हणून म्हातारीने आणखी एकदा सोडलं.

हसू नका. गुडघ्याची खपली रोज उचकटणारी पोरं आणि भाताचं झाकण दहादा उघडणाऱ्या बाया मला ठाऊक आहेत.

पाचव्या दिवशी वैद्य आला. गाठ बघून त्याने कपाळावर हात मारला. "ही माझी गाठ नाही. कुणी सोडली?"

"हिने."

"यांनी."

"दोघांनी!" तलंग म्हणाली. "एक सकाळी, एक दुपारी. आणि वैद्यबुवा, फुंकर घालून हाड जुळतं हे हिला शिकवलं कुणी?"

वैद्याने पुन्हा बांधलं. "आज पुन्हा पहिला दिवस," म्हणाला आणि गेला. पाच दिवसांनी आला, तर पुन्हा तेच!

मग मात्र तो पेटला. "आता हललं तर ब्रह्मदेवाला बोलवा, मला नको!" त्याने तिसऱ्यांदा पाय बांधला. उरलेल्या कामट्या घेऊन म्हाताऱ्याचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत करकचून बांधला. मग म्हातारीचा.

"अहो, पण माझं काय मोडलंय?" म्हातारा ओरडला.

"काही नाही. हाच तर घोळ आहे. पंधरा दिवस!"

एका हाताने गाठ सुटत नाही, करून बघा. दोघांनी मिळून सुटली असती, पण एकमेकांवर खापर फोडता फोडता दोघांचं बोलणंच बंद पडलेलं. म्हातारीच्या भाकरीला कोपरे येऊ लागले. म्हाताऱ्याचं धोतर भर रस्त्यात घात करू लागलं. तलंग मात्र पहिल्यांदाच शांत झोपली.

दहाव्या दिवशी म्हातारीला पातेलं उतरवेना. "धरा की जरा!" ती खेकसली. त्याने धरलं. बोलणं सुरू झालं, आणि ते सुरू होताच चार डोळे डालग्याकडे वळले.

"आपण दोघं मिळून..."

"नुसतं बघायचं हं."

तलंगेने डोळे घट्ट मिटले.

म्हातारीने गाठीचं एक टोक धरलं, म्हाताऱ्याने दुसरं. तेवढ्यात म्हातारीच्या बांधलेल्या हाताला खाज सुटली. "अहो, आधी माझा सोडा, जीव चाललाय!"

"वेडी का खुळी? वैद्याने पंधरा दिवस सांगितलेत. आज दहावा!"

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. "माझ्या धड हाताला पंधरा दिवस," ती हळूच म्हणाली, "आणि हिच्या मोडक्या पायाला आपण आपणहून एक दिवसही दिला नाही."

म्हाताऱ्याच्या हातातलं टोक सुटलं. त्याने डालगं झाकलं आणि दोघं पाठ करून बसली.

पंधराव्या दिवशी वैद्याने गाठ सोडली. पाय जुळला होता, पण वाकडा. पहिल्या दहा दिवसांचा प्रताप! तलंग जन्मभर लंगडत चालली. तरी त्या दिवशी अंगण ओलांडून ती छपरावर चढली, आणि म्हातारीने कितीही चुचकारलं तरी संध्याकाळपर्यंत खाली आली नाही.

बोध एवढाच: औषध लावून झालं की हात मागे घ्यावा, पुढचं काम हाताचं नाही, दिवसांचं असतं.