इनामदारांची वाढलेली दाढी

हिवऱ्याच्या केरबा न्हाव्याला माणूस नावापेक्षा हनुवटीवरून लवकर ओळखू यायचा. त्या दिवशी मामलेदारांच्या कचेरीत तो गर्दीत उभा होता, कारण त्याच्या शेजारच्या मस्कू कुंभाराला मुसक्या बांधून आणलं होतं. मस्कूच्या आंबराईवर इनामदारांचा केव्हापासून डोळा होता.

इनामदार गरजले, "परवा सकाळी यानं आमच्या काकांना पळवलं आणि काल नदीत बुडवून मारलं! त्यांचं पागोटं काठावर सापडलं. परवापर्यंत काका ठणठणीत होते."

मागं उभ्या इनामदारांच्या तिन्ही मुलांनी माना डोलावल्या.

केरबा पुढं झाला. "सरकार, आपण दर सोमवारी न् गुरुवारी दाढी करवता. आज मात्र चांगली नऊ दिवसांची वाढलीय."

"ताप होता मला!" इनामदार खेकसले.

"असेल. पण तिन्ही धाकल्या सरकारांचीही नऊच दिवसांची आहे."

इनामदारांचा हात नकळत गालावर गेला.

"मामलेदारसाहेब," केरबा म्हणाला, "घरचं माणूस गेलं की सुतकात वस्तरा लावत नाहीत. कचेरीत खोटं बोलायला सरकार धजले, पितरांपुढं नाही धजले. काका परवापर्यंत ठणठणीत होते, तर हे चौघं नऊ दिवस कुणाचं सुतक पाळताहेत?"

मामलेदारांनी मस्कूचे दोर सोडवले आणि शिपायांना खूण करत इनामदारांकडे बोट दाखवलं.

केरबानं हत्यारांची धोकटी काखोटीला मारली. "सरकार, उद्या दहावा. वस्तरा घेऊन वाड्यावर येऊ, की कोठडीत?"