चिंधी बांधलेला दुधी

एका चातुर्मासात मी नेम धरला होता. गोड सोडलं नाही, मीठ सोडलं नाही. रोज घरातल्या नाहीतर शेजारच्या एका तरी म्हाताऱ्या माणसाला "हे असं का?" म्हणून विचारायचं, एवढाच नेम. त्यातच ही गोष्ट मला मिळाली. ऐका.

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे एक म्हातारी सासू आणि तिची नवी सून राहत. त्यांच्या अंगणातल्या मांडवावर दुधीचा वेल होता. साऱ्या गावाला बी त्याच वेलाचं जाई. दरवर्षी म्हातारी एक दुधी निवडायची आणि त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची. मग तो कुणी तोडत नसे.

सून देखणी होती, हौशीही होती. हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. तिने अंगण सारवलं, रांगोळी घातली आणि वर पाहिलं. हिरव्यागार दुधींमध्ये एकच पिवळट, डागाळलेला, चिंधी बांधलेला.

"आत्याबाई, तेवढा काढू का? जून झालाय. ओंगळ दिसतो."

"हात लावायचा नाही."

"पण का?"

"का म्हणून विचारायचं नाही. मुकाट्याने काम कर."

सून फणकारली. सासूची पाठ वळताच तिने दुधी तोडला आणि म्हशीपुढे टाकला. बायका आल्या, "काय मांडव आहे गं!" म्हणाल्या. सून सुखावली. म्हातारीला कळलं तेव्हा म्हैस रवंथ करत होती. वेलाचे दिवसही भरत आले होते; बाकीचे कोवळे दुधी जून व्हायच्या आतच तो वाळला आणि ते भाजीला गेले.

पुढच्या पेरणीला बायका सुपं घेऊन दारात आल्या. बी नाही, असं कळताच एकजण म्हणाली, "आता रांगोळीतून उगवेल हो दुधी!" सगळ्या हसल्या. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हातारी पुढे झाली. "हसू नका. बी जून दुधीतच पिकतं. तिने तोडला ही तिची चूक, पण मी सांगितलं नाही ही माझी." मग सुनेला म्हणाली, "डोंगरापलीकडे माझी बहीण आहे. मागे मी तिला बी दिलं होतं. असलं तर तिथेच असेल, बाळ."

सून डोंगर ओलांडून गेली. बहिणीने गाडग्याच्या तळातून उरलेल्या सात बिया काढून दिल्या. त्या पदरात बांधून ती परतली.

सासू सांगत गेली, सून लावत गेली. किती खोल, कोणत्या बाजूने, पाणी कधी तोडायचं, सगळं तिने विचारून घेतलं. त्या वर्षी गावाने एकही दुधी खाल्ला नाही. देवीचा नैवेद्यसुद्धा दुधीवाचून झाला. मांडवावर सगळे दुधी जून होऊ दिले. पिवळे पडले, सुकले, वाऱ्याने हलले की आत बिया खुळखुळत. पुढच्या पेरणीला प्रत्येक सुपात मूठभर बी पडलं, आणि ते वाटायला सासू-सून दोघी बसल्या होत्या.

कोवळ्याने आजचं ताट भरतं, जुनाने पुढचं वर्ष. म्हणून थोरांनी सांगावं आणि धाकट्यांनी विचारावं.

तर बायांनो, बाळांनो, आज दिवस मावळायच्या आत एका म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि "हे असं का?" एवढं विचारा.