कोंढेपूरची होळी

"उद्या उजाडताच तोफा डागा! कोंढेपूर शिल्लक राहता कामा नये!"

राजा भुजंगरावाचा हा हुकूम ऐकला आणि छावणीत ताक विकणाऱ्या सगुणेच्या हातातलं गाडगं निसटता निसटता राहिलं. तिची आंधळी आई त्याच शहरात होती. आणि धाकटा भाऊ रंभाजी? तो तर बंडखोरांतच!

झालं होतं असं, की राजाने कोंढेपूरचा आठवडी बाजार उचलून राजधानीत नेला. शहरातल्या तरण्या पोरांची डोकी फिरली. त्यांनी सुभेदाराला पिटाळलं, बंदुका लुटल्या आणि शहर ताब्यात घेतलं. राजाच्या फौजेने वेढा घातला, तट फोडला, पण आत शिरणार कुठून? वरच्या आळीच्या आणि खालच्या आळीच्या तोंडाशी पोरांनी दारं, बाजा, वासे, बैलगाड्या रचून लाकडांचे डोंगर उभे केले होते, आणि त्यांच्या आडून बंदुका रोखलेल्या.

सगुणा थेट राजासमोर गेली. "महाराज, तोफा बंडखोर बघून मारतात का? माझी म्हातारी मरेल की!"

"मग तूच ते लाकूड हलव!" राजा खेकसला. "उजाडेपर्यंत सगळं नाहीसं झालं पाहिजे. माझा शिपाई बोट लावणार नाही, एक गोळी उडता कामा नये. जमलं तर तोफा गप्प, वर मागशील ते देईन!"

सेनापती हैबतराव फिदीफिदी हसला. "पोरी, एवढं लाकूड ओढायला गाढवं आहेत का तुझ्याकडे?"

"आहेत की! दोन्ही आळ्या भरून आहेत!" सगुणा म्हणाली. "आज शिमग्याची पौर्णिमा ना? मग झालं काम."

आता कोंढेपूरची एक जुनी खोड सांगायला हवी. शिमग्याला उघड्यावर दिसेल ते लाकूड होळीचं! दुसऱ्या आळीचं लाकूड पळवण्यात तर भलतीच मर्दुमकी. चोरताना सापडलात तर शिव्या खायच्या, पण लाकूड एकदा पेटलं की मालकाने हूं की चूं करायचं नाही.

ताकवालीला कोणीच अडवत नसे. सगुणा आधी वरच्या आळीत गेली. लाकडांच्या आडून गोंदाजी नावाच्या म्होरक्याने डोकं वर काढलं.

"काय गं, ताक आणलंस?"

"आणलंय. पण तुम्ही बसलात काय असे? खालच्या आळीची होळी तटाएवढी होणार म्हणे!"

"वेढा पडलाय आणि होळी कसली?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, वरच्या आळीत दम नाही, त्यांना वेढ्याचं आयतं निमित्त मिळालं!"

गोंदाजीच्या नाकपुड्या फुगल्या. "असं म्हणाले? बघतोच!"

मग सगुणा खालच्या आळीत गेली. तिथे खुद्द रंभाजी पहाऱ्यावर होता. "अरे रंभाजी, गोंदाजी म्हणतो, खालच्यांची होळी म्हणजे चुलीतला जाळ!"

"गोंद्या म्हणतो हे? आज त्याच्या बैलगाड्याच पेटवतो!"

मग काय विचारता! तिन्हीसांजेला खालची पोरं वरच्यांची दारं पळवत होती आणि वरची पोरं खालच्यांचे वासे. आपल्या लाकडांवर दुसरं कोणीतरी नजर ठेवून असेल, असं प्रत्येकालाच वाटत होतं! चुरस वाढता वाढता बंदुकांचे दस्तेसुद्धा होळीत गेले. दोन्ही होळ्या तटाच्या वर भडकल्या आणि सगळं शहर बोंबलू लागलं.

छावणीत राजा दचकून उठला. "हल्ला झाला की काय?"

"छे, महाराज!" सगुणा म्हणाली. "बोंब मारतायत. तुमच्याच नावाने!"

उजाडल्यावर राजा फौजेसह शहरात शिरला. वाट अगदी मोकळी! तोफा गप्प राहिल्या, सगुणेला हायसं वाटलं. तेवढ्यात राजाने मिशीवरून हात फिरवला. "शहर वाचलं. पण बंडखोरांना सोडीन असं मी कुठे म्हणालो होतो? बांधा त्यांना!"

पण शिपाई बांधणार कोणाला? धुळवडीचा दिवस! जो तो होळीच्या राखेने नखशिखांत माखलेला. बंडखोर कोण, वाणी कोण, काही कळेना.

हैबतराव पुढे सरसावला. "महाराज, रात्री लाकडं जाळणाऱ्यांच्याच तोंडाला राख लागणार. राख दिसेल तो बंडखोर!"

"शाबास! राख दिसेल त्याला बांधा! मग तो कोणीही असो!"

सगुणेने वाकून मूठभर राख उचलली आणि सरळ राजाच्या गालांना फासली! "शिपायांनो, हुकूम ऐकलात ना? आधी यांना बांधा!"

रंभाजीने डोळे मिटून घेतले. हैबतरावाचा हात तलवारीकडे गेला. राजाने गालावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, हैबतरावाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि असा खदाखदा हसला की मागे उभा असलेला त्याचा घोडा बिचकला!

"हरलो! सोडा सगळ्यांना! बोल पोरी, काय हवं?"

"आमचा बाजार परत द्या."

"दिला! आणखी?"

"महाराज, लोकांची दारं होळीत गेली. माझ्या आईच्या घराचंसुद्धा." सगुणेने तटाबाहेर बोट दाखवलं. "तोफांचे ते गाडे सागवानीच आहेत ना?"

"अगं, गाडे दिले तर तोफा कशावर ठेवू?"

"जमिनीवर. तिथून कोणाला लागत नाहीत!"

राजा पुन्हा हसत सुटला, इतका की गालावरची राख ओघळली. त्याच दिवशी सुतार कामाला लागले, आणि सगुणेच्या आईच्या घराला जे नवं दार बसलं, त्याला तोफेच्या गाड्याची कडी होती.