बहुरूप्याने सोडलेला हत्ती

राजाचा लाडका हत्ती भर बाजारात सुटला, गूळवाल्याच्या ढेपी फस्त करून आला, आणि कोठडीत मात्र पडला बिचारा सुभानजी! घुमणगडाच्या मधल्या बुरुजावरून हाळी देणारा शिपाई तो. हत्ती सोडायचा खोटा हुकूम त्यानेच ओरडला, असा राजाचा आरोप.

घुमणगडाची रीतच न्यारी होती. महादरवाजात कोणी आलं, की पहारेकरी विचारणार, "कोण? काय काम?" तो सांगेल ते शब्दन् शब्द ओरडून पहिल्या बुरुजाला कळवायचं, त्याने पुढच्याला, असं थेट राजवाड्यापर्यंत. एक शब्द गाळला तर पाठीवर फटके! राजाचे हुकूमही याच वाटेने, याच गळ्यांतून गडभर जायचे. "हुकूम सरकारचा!" एवढं कानावर पडलं, की ऐकणारा मागचापुढचा विचार न करता कामाला लागायचा. धुरंधरराजे तर छाती फुगवून सांगत, "गडावर मुंगी शिंकली तरी मला कळतं!"

सुभानजीची लेक ठकू तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"सरकार, माझ्या आबांनी हुकूम रचला नाही. काल दिवाणाचं सोंग घेऊन एक बहुरूपी आला होता. 'काय काम?' म्हटल्यावर तो सोंगातच गरजला, 'हत्ती सोडा, हुकूम सरकारचा!' पहारेकऱ्याने तेच वर कळवलं, आबांनी तेच पुढे ओरडलं, माहुताने साखळी काढली. खोट आहे ती तुमच्या रीतीत!"

"माझ्या रीतीत?" राजे लालबुंद झाले. "मग दाखव! महादरवाजाबाहेर उभी राहा. शस्त्र नाही, लाच नाही, भिंतीला हात लावायचा नाही. दिवस मावळायच्या आत बाप बाहेर आला तर तो सुटला. नाहीतर तूही त्याच्या शेजारी! आणि शिपायांनो, या पोरीचं कोणी काही ऐकायचं नाही!"

ठकू पदर खोचून दरवाजाबाहेर गेली. पहारेकरी जिवाजीने मिशीला पीळ दिला.

"मी तुझं काही ऐकणार नाही हं!"

"नका ऐकू, जिवाजीकाका. पण मी कोण, काय कामाला आले, ते तर विचाराल?"

"ते विचारावंच लागतं. बोल, कोण? काय काम?"

"आणि मी सांगेन ते वर कळवाल?"

"म्हणजे काय! एक शब्द गाळला तर फटके खायचेत का मला?"

"मग कळवा," ठकू खणखणीत आवाजात म्हणाली. "सुभानजीला कोठडीतून काढा, पालखीत बसवा, महादरवाजाबाहेर आणा. सोबत जिलब्यांची परात द्या. हुकूम सरकारचा!"

जिवाजीने डोकं खाजवलं. पण रीत ती रीत! त्याने हाळी दिली. पहिल्या बुरुजाने ती उचलली, मधल्यावरच्या बदली शिपायाने पुढे ढकलली. बोलणारी कोण, हे दरवाजातच राहिलं. कोठडीचं कुलूप निघालं, भोई धावले.

राजे नुकते जेवायला बसले होते. पहिली जिलबी उचलणार, तोच वाढप्याने परात ओढली!

"अरे, हे काय?"

"माफी असावी. आपलाच हुकूम आहे, सरकार!"

राजे ताटावरून उठून तरातरा महादरवाजात आले. समोर पालखीत सुभानजी, मांडीवर परात.

"मी असा हुकूम दिलाच नाही!" राजे ओरडले.

"आबाही कालपासून हेच सांगताहेत, सरकार," ठकू म्हणाली. "हत्तीचा हुकूम त्यांनीही दिला नव्हता!"

राजे एकदा पालखीकडे, एकदा बुरुजांकडे बघत हळूच म्हणाले, "पोरी, आता यावर उपाय?"

"सोपा आहे. हुकूम देण्याआधी राजवाड्यावरची तुतारी वाजू द्या. तुतारी नाही, तर ती नुसती आल्यागेल्याची बातमी, मग तिच्यात कितीदाही 'हुकूम सरकारचा' येवो! सरकार, तोंड सगळ्यांनाच असतं. तुतारी तुमच्या एकट्याचीच आहे!"

राजे असे खदखदून हसले, की पगडी कानावर आली. सुभानजीला मानाचा शेला मिळाला, आणि ठकूला गडावरची तुतारी सांभाळायचं काम, पिढीजात!

"आणखी काही हवं?" राजांनी विचारलं.

ठकूने पालखीकडे पाहिलं. तिचे आबा बोटं चाटत होते.

"एवढंच, सरकार, परात परत मागू नका. रिकामी झाली!"