खाणीवरची बालवाडी

"पण अक्का, तुलनाच करायची नाही, तर पुढे कोण नि मागे कोण हे कळायचं कसं?"

मोरेश्वर भोपीचा आवाज जरा चढलाच. वेणूअक्का मठीच्या ओट्यावर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बस," त्या म्हणाल्या. "आणि हात रिकामे ठेवू नकोस."

मोरेश्वर बसला. पालिकेच्या शिक्षण खात्यातला मोठा साहेब, गाडी खाली डोंगराच्या पायथ्याशी उभी, आणि हातात वालांची मूठ. उपनगरातल्या सगळ्या बालवाड्या त्याच्या हाताखाली होत्या. पाच वर्षांचं होईपर्यंत हे पोर तोंडातून शब्द काढत नव्हतं. पुढे एकदा बोलायला लागलं ते अजून थांबलेलं नाही, असं गावातली म्हातारी माणसं हसून सांगत. प्रत्येक भाषणात तो एक वाक्य हमखास टाकी: मी वेणूअक्कांच्या बालवाडीतला, म्हणजे सगळ्यांत चांगल्या बालवाडीतला.

बालवाडी सोडून अक्कांना बरीच वर्षं झाली होती. आता त्या या मठीत राहत. अडलंनडलं माणूस त्यांच्याकडे येई आणि बहुतेक वेळा वाल सोलून परत जाई.

"तुलना केलीस, मग?" अक्कांनी विचारलं.

"केली. अगदी काटेकोर केली. एकूण एक बालवाडी पाहिली. मुलांना गाणी म्हणायला लावली, रंग ओळखायला लावले. तिथून आधी निघालेली मुलं पहिली-दुसरीत काय दिवे लावतात तेही पाहिलं. नव्या सोसायटीच्या टॉवरजवळची बालवाडी पहिली आली. दगडखाणीवरची शेवटची."

"मग?"

"खाणीवरची बंद केली. तिथली मुलं टॉवरजवळच्या बालवाडीत घातली. चांगल्या ठिकाणी जाऊन चांगली होतील म्हणून." तो जरा थांबला. "पेपरात फोटोही आला."

"आणला असशील."

"नाही आणला..."

अक्कांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"मुलं जात नाहीत, अक्का. मध्ये मोठा रस्ता आहे, डंपरची ये-जा. आया खडी फोडायला जातात, पोचवणार कोण? पोरं पुन्हा खडीच्या ढिगावर बसायला लागली. एक मुलगा मात्र रोज जुन्या बालवाडीच्या पायरीवर येऊन बसतो. दाराला कुलूप आहे. तरी येतो, खाऊची ताटली घेऊन. काल मी गाडी थांबवली. नाव विचारलं. बोलला नाही. तेव्हा ओळखलं, पाहणीच्या दिवशीही हा बोलला नव्हता. मीच त्याला शून्य दिलं होतं."

वाऱ्यानं सालं उडाली. अक्कांनी ती गोळा केली.

"पाहणीच्या दिवशी टॉवरजवळ सगळी मुलं होती?"

"नव्हती. पाच-सहा जणांना सर्दी-ताप होता, घरीच होती. बाईंनी तसं सांगितलं."

"आणि खाणीवर?"

"खाणीवर सगळी हजर. एकाची लाळ गळत होती. एकीचा पाय अधू. तो न बोलणारा... त्याला तर बाईंनी अगदी माझ्या पुढ्यात..."

मोरेश्वरची बोटं थांबली.

"हुशार पोरांना सर्दी होत नाही वाटतं," अक्का म्हणाल्या.

त्यानं हातातला वाल न सोलताच पातेल्यात टाकला.

"उशिरा बोलणारं पोर टॉवरजवळच्या बाईंकडे नेलं, तर काय सांगतात त्या?"

"पुढल्या वर्षी आणा म्हणतात."

"मग ते जातं कुठे?"

"खाणीवर," तो हळूच म्हणाला. "जायचं..."

मोरेश्वरला त्या खाणीवरच्या बाई आठवत होत्या. वत्सलाबाई. बंदचा हुकूम हातात दिला तेव्हा त्या भांडल्या नव्हत्या. मुलांची नखं कापायची कात्री तेवढी पिशवीत टाकून निघून गेल्या होत्या. त्यालाच तेव्हा वाटलं होतं, बाईंना आपली चूक कळली.

"उघडता येईल का पुन्हा?" अक्कांनी विचारलं.

"खोली सोसायटीच्या व्यायामशाळेला दिली. बाई गावी गेल्या. प्रयत्न करीन, पण... सही माझीच आहे, अक्का. माझ्याच हातानं झालं."

त्याचे डोळे भरून आले. अक्कांनी समजूत काढली नाही. पातेलं मात्र त्याच्याकडे थोडं सरकवलं.

माणूस बुडू लागला की काडीलाही हात घालतो. मोरेश्वरला आपली जुनी बालवाडी आठवली. शेणानं सारवलेली जमीन, भिंतीवरचा मोर, आणि अक्कांच्या पदराला धरून दिवसभर फिरणारा तो स्वतः. निदान तेवढं तरी आपल्याकडे चोख असावं, असं त्याला फार वाटलं.

"अक्का, तुमच्या वेळीही साहेब यायचे ना तपासणीला?"

"यायचे की."

"मग आपल्या बालवाडीचा नंबर... पहिलाच यायचा ना?"

"यायचा. एका वर्षी शेवटचा आला. साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं."

"तुम्हाला? शेवटचा?" मोरेश्वरला खरंच वाटेना. "असं काय झालं होतं त्या वर्षी?"

अक्कांनी ओले हात पदराला पुसले आणि एक हात त्याच्या पिकू लागलेल्या केसांवर ठेवला.

"पहिल्या रांगेत तू बसला होतास, मोरू."