देवडीवरचा मुखवटा

त्या राज्याची सगळी प्रजा आकड्यांची होती, आणि एकेका आकड्याचे कितीतरी जण होते. म्हणून ओळखीला नाव लागे. ते दोन तऱ्हांनी मिळे. मुखवटा चढवायचा, नाहीतर एखाद्या घराण्याच्या रांगेत रीतसर उभं राहून मनगटावर गोंदून घ्यायचं.

एका तिनाने मुखवटा पसंत केला. त्यावर ‘उंबरठा’ असं नाव होतं. हौसेपायी तो घरीसुद्धा मुखवटा काढत नसे. ऋतूंच्या घराण्यातला शरदही तीनच. शून्यापासून मोजल्या जाणाऱ्या रांगेत वसंत, ग्रीष्म आणि वर्षा यांच्यामागे उभा राहिलेला. उंबरठा त्याला चिडवी, “तुमच्यात पहिल्याला शून्य पत्करावं लागतं. मध्ये कुणी घुसला की मागच्यांचे आकडे बदलतात. सांगितलंय कुणी!” शरद नुसता हसे.

राजवाड्यात कामाला जाताना देवडीवर मुखवटे उतरवून घेत. देवडीवाला ते खुंटीला टांगी आणि आत नुसता आकडा सोडी. उतरवलेलं नाव आत कुणाला उच्चारताच येत नसे. रिवाजच होता तो, कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

एके दिवशी कुणा तिनाने धरणाचं दार भलतंच उघडलं आणि खालची शेतं वाहून गेली. उंबरठा त्या दिवशी धरणाकडे फिरकलाही नव्हता. पण वाड्यातले तीन आकड्याचे सगळेच जण देवडीच्या आतल्या बाजूच्या कोठडीत कोंडले गेले.

“तू कोण?” तपासनिसाने विचारलं. शरदने मनगट पुढे केलं. ऋतू तेव्हा बागेत होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो सुटला.

“आणि तू?”

उंबरठ्याने जीव तोडून तोंड उघडलं. “तीन.”

“ते दिसतंय. कुठला?”

“तीन,” तो म्हणाला आणि त्याला रडू कोसळलं.

“संध्याकाळपर्यंत कुणी ओळख पटवून नेलं तर ठीक,” तपासनीस म्हणाला. “उरतील ते सगळे जन्मभर खाणीत.”

उन्हं कलता कलता उंबरठ्याची बायको रेघ धापा टाकत देवडीवर आली. “माझ्या उंबरठ्याला न्यायला आलेय हो!”

तो गजांना बिलगला. “तीन! तीन!” त्याच्यामागे कोठडीतले सगळेच तेच ओरडू लागले. रेघ त्या उघड्या चेहऱ्यांकडे बावरून बघत राहिली. यातला एकही तिने कधी पाहिला नव्हता.

देवडीवाला मनाने चांगला. त्याने लगबगीने खुंटीवरचा मुखवटा काढला, धूळ पुसली आणि तिच्या हाती दिला. “घ्या बाई. तुम्ही नाव घेतलंत तो हाच.”

रेघचा जीव भांड्यात पडला. तिने मुखवटा पदराखाली घेतला आणि ती घराकडे वळली. देवडीवाल्याने वहीत लिहिलं: उंबरठा, घरी सोडला.