कारभाऱ्यांना बसता येईना

अमृतगिरी महाराजांचा मुक्काम तेव्हा सोनपिंपरीच्या भैरवनाथाच्या देवळात होता. देवावर चवरी ढाळण्याची चाकरी म्हाळू गुरवाकडे असे. म्हाळूचे सांधे जन्मापासून सैल. हाडे एकमेकांशी जोडून ठेवणारे बंधच ढिले, त्यामुळे उभ्याउभ्या गुडघा सरके, खांदा निखळे. खांदा तो स्वतःच जागेवर बसवी आणि पुन्हा चवरी धरी. वरून मात्र काही दिसत नसे. एखाद्या दिवशी तर तो चांगला तरतरीत चाले.

देवळाचे कारभारी दाजीबा यांना तेवढेच निमित्त पुरे. "काल तर ओढा ओलांडून आलास की रे! आज एकदम म्हातारा झालास?"

"कालचंच आज भोगतोय, कारभारी."

उत्सवात चवरी दिवसभर ढाळायची. म्हाळूने घरून चौरंग आणला आणि त्यावर बसून चवरी धरली. दाजीबा लोडाला टेकले होते, ते तेथूनच गरजले, "देवापुढे सेवेकरी बसतो? उचला तो चौरंग! उद्यापासून चवरी माझा भाचा धरील."

चाकरी गेली तर घरात चूल पेटणार नव्हती. म्हाळू रडवेला झाला. "महाराज, बसून करतो हो मी सगळं. एवढा चौरंग तेवढा राहू द्या!"

महाराज हसले. "दाजीबा, सेवेकऱ्याने बसायचं नाही म्हणता? तुम्हीही सेवेकरीच की. देवाने ऐकलं बरं का!"

आणि काय नवल! दाजीबांखालची गादी सर्रकन सरकली. ते ओट्यावर टेकले, तर लोण्यावरून घसरावे तसे खाली आले. घरी बाजेवर बसू गेले, तर बाज तुरुतुरु अंगणात निघाली! कारभारीणबाईंनी मांडलेला पाटही मागे मागे पळू लागला. दाजीबांनी आमटीभात उभ्यानेच खाल्ला. संध्याकाळी पाय सुजून ते पारापाशी लंगडत आले, तर लोक म्हणाले, "सकाळी तर धडधाकट होतात की, कारभारी!"

दाजीबांनी तसेच देऊळ गाठले. स्वतःच्या हातांनी चौरंग मांडला, म्हाळूला हाताला धरून बसवले आणि म्हणाले, "चवरी तुझीच, बाबा. हवी तशी ढाळ." मग त्यांनी महाराजांपुढे साष्टांग दंडवत घातला.

कोणीतरी विचारले, "महाराज, म्हाळूचे सांधेच का नाही घट्ट केलेत?"

"त्याने चौरंग मागितला होता," महाराज म्हणाले.

चवरी झुलू लागली, आरती झाली, प्रसाद वाटला, तरी दाजीबा जमिनीवर पालथेच. त्यांची ही भक्ती पाहून मंडळी गहिवरली.

"उठा, दाजीबा."

"नको महाराज," जमिनीतून आवाज आला, "आधी बसता येईल एवढं बघा!"